पुढचा एक्सल आणि ब्रेक डिस्क: घरी बदलायचं की गॅरेजला द्यायचं?

वळताना पुढच्या चाकातून टक-टक येतं, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि गाडी उचलून बघितली तर एका बाजूचा एक्सल गेलेला आणि दोन्ही डिस्क झिजलेल्या. अशा वेळी बहुतेक जण दोन टोकांवर जातात. ज्यांच्याकडे पाने आहेत ते म्हणतात सगळं घरीच करू, बाकीचे म्हणतात सगळं गॅरेजला देऊन टाकू. पण ही दोन कामं एका चाकामागे असली तरी स्वभावाने वेगळी आहेत, आणि ती वेगळी मोजली तरच निर्णय नीट होतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो: ठरवायचं ते एक्सलचं. तो जिकडे होईल तिकडेच डिस्कचं काम करून घ्यावं. फक्त डिस्क बदलायच्या असतील, तर घरी करायला हरकत घेण्यासारखं फारसं काही नाही.

(इथे एक्सल म्हणजे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा ड्राइव्ह शाफ्ट. अख्खा दांडा, दोन्ही टोकांच्या सीव्ही जॉइंटसकट, म्हणजे चाक वळलं किंवा वर-खाली झालं तरी फिरवत ठेवणाऱ्या सांध्यांसकट. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, जिला ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात.)

आधी खात्री, मग खर्च

घरी करा किंवा बाहेर, चुकीचा भाग बदलला तर दोन्ही रस्ते महागच. स्टिअरिंग पूर्ण वळवून, मोकळ्या जागेत हळू गोल फिरवलं आणि लयीत टक-टक आलं तर बाहेरचा जॉइंट झिजलाय. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दिला की थरथर आणि पाय काढला की शांत, असं असेल तर संशय आतल्या जॉइंटवर. वेगासोबत वाढणारी घूं-घूं असेल आणि गाडी एका अंगाला झुकली की ती कमी-जास्त होत असेल, तर तो बहुधा एक्सल नाहीच, चाकाचं बेअरिंग आहे. हा घोटाळा फार जणांचा होतो.

नुसता रबरी बूट (जॉइंटमधलं ग्रीस धरून ठेवणारं आवरण) फाटलाय, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय, पण आवाज काही नाही, अशी स्थिती असेल तर अख्खा एक्सल टाकायची घाई नको. जॉइंट उघडून, धुऊन, नवं ग्रीस आणि नवा बूट घालता येतो. मूळचा जॉइंट शांत चालत असेल तर तो वाचवणं, त्याच्या जागी स्वस्तातला नवा एक्सल घालण्यापेक्षा मला तरी जास्त पटतं. आवाज सुरू झाला असेल तर मात्र आतल्या गोळ्या आणि त्यांच्या खाचा झिजलेल्या असतात. तिथे नवं ग्रीस काही चमत्कार करत नाही.

डिस्कचं मोजमाप सोपं आहे. किमान जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, कडेला किंवा मधल्या उंच भागावर. मायक्रोमीटरने चार-सहा ठिकाणी मोजा. जाडी पुरेशी आहे तरी ब्रेक दाबताना धक्के येत असतील, तर लोक म्हणतात डिस्क वाकली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, जागोजागी तिची जाडी कमी-जास्त झालेली असते, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला हा फरकही पायाला जाणवतो. अशी डिस्क लेथवर फिरवून घेता येते, पण फिरवल्यावर ती किमान जाडीच्या वर राहिली तरच. हल्लीच्या डिस्क मुळातच इतक्या बेताच्या जाडीच्या असतात की हा पर्याय पुष्कळदा कागदावरच राहतो.

डिस्क: घरच्या कामाचं पारडं जड

याचं मुख्य कारण असं की ब्रेकची नळी उघडावीच लागत नाही. कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) त्याच्या ब्रॅकेटसकट सोडवायचा, तारेने स्प्रिंगला टांगून ठेवायचा (नळीवर लोंबकळू द्यायचा नाही), जुनी डिस्क काढायची, नवी बसवायची. तेल सांडत नाही, नळीत हवा जात नाही, ब्रेकची हवा काढायचा प्रश्न येत नाही. दुसरी गोष्ट, काम मध्येच अडलं तर जुनी डिस्क आणि जुने पॅड पुन्हा चढवून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. एक्सलच्या बाबतीत ही सोय नाही, त्याकडे पुढे येतोच.

अडचण येते ती गंजाची. डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला फिरणारा भाग) चिकटून बसते आणि लोक हातोडा घेऊन तुटून पडतात. त्याआधी डिस्कच्या मधल्या भागावर दोन आटे पाडलेली भोकं दिसतात का बघा. पुष्कळ गाड्यांत असतात, बहुधा ८ मिमी बोल्टची. दोन बोल्ट त्यात आलटून-पालटून थोडे थोडे पिळत गेलं की डिस्क स्वतःच हबपासून सुटून येते. डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू मात्र हट्टी असतो. त्याला साधा स्क्रू ड्रायव्हर लावलात तर डोकं घासून बसाल. हातोड्याने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर त्यासाठीच असतो.

घरच्या कामाचा खरा फायदा मला दिसतो तो इथे: हबचा चेहरा. डिस्क ज्या सपाट भागावर टेकते तिथे गंजाचा पातळ थर राहिला तर नवी डिस्क अगदी किंचित तिरकी बसते. हबवर बसवलेल्या डिस्कची डोल (फिरताना होणारी आत-बाहेर हालचाल) साधारण ०.०५ मिमीच्या आत असावी, असं बऱ्याच कंपन्यांचं बंधन असतं, आणि गंजाचा एक पापुद्रा तेवढी जागा सहज खातो. सुरुवातीला काही कळत नाही. डिस्क फिरताना दर फेरीला एकाच जागी पॅडला घासत राहते, तिथली जाडी कमी होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच जुनी थरथर परत. मग दोष नव्या डिस्कच्या माथी. गर्दीच्या गॅरेजात तारेच्या ब्रशने पंधरा मिनिटं हब घासत बसायला कुणाला वेळ असतो? तुम्हाला असतो. बोल्टांच्या मुळाशी जिथे ब्रश पोचत नाही तिथला गंजही काढा, सगळी मेख तिथेच असते.

नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसायचा. डिस्क नेहमी जोडीने बदलायच्या, आणि नव्या डिस्कवर जुने पॅड चढवण्यात शहाणपण नाही. कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करून पातळीवर लक्ष ठेवा. ते तेल रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो. काळी भुकटी फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

गॅरेजला द्यावं असे अपवाद दोन. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या मागे अडकवलेली असते आणि ती काढायला हब उपटावा लागतो, मग बेअरिंगही धोक्यात. दुसरा अपवाद काही हायब्रिड गाड्यांचा. त्यांत नुसतं दार उघडलं तरी ब्रेकचा पंप आपोआप दाब तयार करतो, आणि कॅलिपर सुटा असताना तसं झालं तर पिस्टन बाहेर येऊ शकतो. तो पंप बंद ठेवायची ठरलेली पद्धत तुमच्या गाडीसाठी माहीत नसेल तर हात लावू नका.

एक्सल: इथे हिशेब बदलतो

सगळी परीक्षा एक्सल नटाची, म्हणजे हबच्या मधोमध एक्सलचं टोक धरून ठेवणाऱ्या मोठ्या नटाची. हा नट गाडीनुसार साधारण १८० ते ३०० न्यूटन मीटरने (हे पिळण्याच्या जोराचं माप) आवळलेला असतो. समजा २५० धरला. ६० सेंटिमीटरच्या दांडीवर तेवढा जोर म्हणजे टोकाला सुमारे ४२ किलोचा दाब, आणि तोही नवा स्वच्छ नट आवळताना. वर्षानुवर्षांचा गंज धरलेला नट सोडवायला याच्या दुप्पट लागला तरी नवल नाही. म्हणून माझा सल्ला असा की नवा एक्सल विकत घ्यायच्या आधी, चाकं जमिनीवर असताना, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून हा नट हलतो का ते बघा. नटाची कड खाचेत ठोकलेली असेल तर ती आधी उचला. नट हलला तर लगेच परत पूर्ण आवळा आणि काम घरी करायचं की नाही यावर विचार करा. लांब दांडी लावूनही हलला नाही, तर प्रश्न तिथेच मिटला, गॅरेजला फोन करा.

नट सुटला की पुढे बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा खालचा गोल सांधा) सोडवून नकल (हब ज्यात बसतो तो भाग) बाहेर ओढायचा, म्हणजे एक्सलचं बाहेरचं टोक हबमधून निघतं. टोक हबच्या खाचांत गंजून बसलं असेल तर त्यावर थेट हातोडा घालू नका. आट्यांची वाट लागते. जुना नट टोकाशी सपाट येईल इतपत फिरवून त्यावर लाकूड धरून ठोका. बॉल जॉइंट वेगळा करायला फाट्यासारखी पाचर वापरली तर त्याचा रबर हमखास फाटतो. बॉल जॉइंट ठेवायचा असेल तर दाबून सोडवणारा पुलर हवा. काही जण त्याऐवजी नकलला शॉक ॲब्सॉर्बरशी जोडणारे दोन बोल्ट काढतात. ते सोपं पडतं, पण बऱ्याच गाड्यांत तिथे चाकाचा कल बदलतो, म्हणून काढण्यापूर्वी खुणा करून ठेवा आणि नंतर अलाइनमेंट तपासून घ्या.

आतलं टोक बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्समध्ये एका छोट्या क्लिपवर अडकलेलं असतं. पहारीने एकच नेमका झटका दिला तर सुटतं. पण दांडा धरून ओढत बसलात तर आतला जॉइंटच उघडून हातात येतो, आणि पहार जरा चुकली तर ऑइल सील (गिअरबॉक्सचं तेल अडवणारी रबरी कडी) फाटतं. सुटताच गिअर ऑइल वाहायला लागतं, भांडं आधीच खाली हवं. काही गिअरबॉक्सात दोन्ही एक्सल एकदम काढले तर आतले डिफरन्शियलचे (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे) गिअर जागचे सरकतात, म्हणून एका वेळी एकच बाजू. नवा एक्सल आत ढकलल्यावर क्लिप बसल्याचा खट आवाज येतो. तो आला तरी जॉइंटचा आतला कप हलकेच ओढून बघायचा. कप बाहेर आला नाही तर बसलाय.

आणि अर्ध्यात अडलात तर? बाहेरचं टोक हबमध्ये घालून नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडीचा भार चाकावर टाकता येत नाही, बऱ्याच गाड्यांत बेअरिंगला त्या नटानेच धरून ठेवलेलं असतं. म्हणजे गाडी ढकलून बाजूला करणंसुद्धा शक्य नसतं. गॅरेज तुमच्या दारात येणार किंवा गाडी उचलून न्यावी लागणार. ज्याच्याकडे ही एकच गाडी आहे आणि उद्या सकाळी निघायचंच आहे, त्याने एक्सल घरी काढू नये. कौशल्य कितीही असलं तरी.

दोन्ही एकत्र असतील तेव्हा

एक्सल काढायला चाक निघतं, कॅलिपर बाजूला टांगला जातो. तिथून डिस्क काढणं म्हणजे फार तर मिनिटा-दोन मिनिटांचं काम, गंज नसेल तर. त्यामुळे एक्सल गॅरेजला देऊन डिस्कसाठी तेच चाक घरी पुन्हा उघडणं हा वेळेचा अपव्यय. उलट डिस्कची मजुरी गॅरेजने वेगळी, पूर्ण लावली तर त्यावर बोलायला जागा आहे: त्या बाजूचं उघडणं-बसवणं एकदाच होतंय. दुसऱ्या बाजूची पूर्ण मजुरी मात्र रास्तच.

घरी दोन्ही करायची तयारी असेल तर लागणारं सामान डिस्कच्या कामापेक्षा बरंच वाढतं: लांब दांडी, मोठा सॉकेट, ३०० न्यूटन मीटरपर्यंत जाणारा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना), बॉल जॉइंट पुलर, पहार, गिअर ऑइल, नवं सील. एकदाच वापरायची असतील तर अवजारं भाड्याने किंवा उसनी मिळतात का ते आधी पाहा. सपाट, टणक जमीन, मागच्या चाकांना अडण्या आणि दोन मजबूत जॅक स्टँड ही अट मात्र डिस्कच्या कामालाही लागू आहे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

गॅरेजला देताना काय विचारायचं

गॅरेजचा फायदा खरा आहे: लिफ्ट, नट फिरवणारी हवेची गन, अडलेल्या बोल्टचा अनुभव, आणि काम बिघडलं तर जबाबदारी त्यांची. पण तीच गन एक्सल नट आणि चाकाचे नट आवळायलाही वापरली गेली तर बेअरिंगचं आणि नव्या डिस्कचं आयुष्य कमी होतं. गनने सोडवू द्या, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने होणार का, हे आधी विचारा. एक्सल नट नवा घालणार का, हबचा चेहरा साफ करणार का, गिअर ऑइलची पातळी नंतर बघणार का, आणि जुने भाग परत देणार का. उत्तर देताना समोरचा चिडला तर दुसरं गॅरेज शोधा.

काम कुठेही झालं तरी गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेले असल्याने पहिला पाय थेट तळाला जातो, आणि हे भिंतीसमोर उभ्या गाडीत कळू नये. मग रिकाम्या रस्त्यावर साधारण ६० च्या वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावून पॅड आणि डिस्क एकमेकांना बसू द्या, मध्ये थोडं गार होऊ देत. गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, आणि एक्सल बदललेल्या बाजूला गिअरबॉक्सखाली तेलाचा ओघळ दिसतो का तेही त्याच वेळी वाकून बघा.