मोठ्या टँकला लाईट कुठला: लांब पट्टी, स्पॉट की रंगांची आरजीबी?

चार फुटाच्या वरचा टँक घेतला की सगळा जीव फिल्टर, स्टँड आणि मासे ह्यातच अडकतो, लाईटचा नंबर शेवटी लागतो, आणि मग मिळेल ती लांब पट्टी काचेवर ठेवली की झालं. मी पण तेच केलं होतं. पाच फुटी टँक, त्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी ६५०० केल्विनची एलईडी (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तर पिवळसर, जास्त तर थंड पांढरा), फुल ब्राईटनेस. संध्याकाळी हौसेनं समोर जाऊन बसलो तर शोकेससमोर बसल्यासारखं वाटायला लागलं, सगळं दिसतंय पण बघावंसं काहीच वाटत नाही. एंजल मासे दिवसभर ड्रिफ्टवूडच्या (टँकमध्ये ठेवतात ते लाकूड) मागे लपून आणि महिन्याभरात मागची काच हिरवीगार. लाईटमध्ये तसा काही दोष नव्हता, मला संध्याकाळी जे बघायचं होतं त्याच्यासाठी तो चुकीचा होता, बस.

म्हणून आधी हे ठरवा की समोर बसल्यावर दिसायला काय हवंय. लख्ख, स्वच्छ, पान न् पान दिसणारा टँक? की झाडाखालच्या ओढ्यासारखा, अर्धा उजेडात अर्धा सावलीत? की निळा समुद्र? ह्या तिन्हीला एकच लाईट पुरेल असं कोणी सांगत असेल तर त्याला फक्त लाईट विकायचा आहे.

आता पट्टी आणि स्पॉट. ह्यातला फरक कळायला एक बादली पुरे. पाणी भरा, खोलीत अंधार करा, वरून मोबाईलचा टॉर्च धरा आणि बोटानं पाणी जरा हलवा, तळाला उजेडाची जाळी नाचताना दिसेल. तेच ट्यूबलाईटखाली करा, जवळजवळ काहीच नाही. कारण पाण्यावरची प्रत्येक लाट भिंगासारखं काम करते, उजेड एकाच बिंदूतून आला तर तो गोळा होऊन बारीक धारदार रेषा पडतात, आणि लांब ट्यूब किंवा शेकडो एलईडीची पट्टी असेल तर प्रत्येक दिव्याची स्वतःची जाळी पडते आणि सगळ्या एकमेकींवर पडून पुसल्या जातात. पूर्वी मेटल हॅलाईड लावणारे लोक ज्या झगमगीवर जीव टाकायचे ती हीच. पण ते दिवे भयंकर तापायचे, आता तोच परिणाम सीओबी (एकाच छोट्या पाटीवर अनेक एलईडी चिप चिकटवलेला दिवा) किंवा एकाच जागी दाटीनं एलईडी बसवलेल्या स्पॉटमधून मिळतो.

मूड म्हणाल तर माझं मत सरळ स्पॉटच्या बाजूनं आहे. एक स्पॉट ढोबळमानानं दीड-दोन फूट रुंदी सांभाळतो (लेन्सचा कोन आणि टांगायची उंची ह्यावर आहे ते), म्हणजे पाच फुटाला हिशोबानं तीन लागतात, पण मी मुद्दाम दोनच लावले आणि एक टोक अंधारात सोडलं. त्या टोकाकडून मासा उजेडात येतो ना, तेव्हा आधी नुसती सावली हलते, मग अचानक अंगावर कवडसा पडतो आणि पट्टे दिसतात, हे पट्टीखाली होतच नाही कारण तिथे मासा कायमच उजेडात. आणि माशांना पण निवड मिळते, एंजल आता बाहेर असतात.

स्पॉटचे तोटे पण ऐका. टांगलेला दिवा सोफ्यावर बसणाऱ्याच्या थेट डोळ्यात घुसतो, तेव्हा भोवती खोल शेड असलेलाच घ्या किंवा खाली आणा. पाणी स्थिर असेल तर जाळी पडतच नाही, फिल्टरचं आउटलेट जरा वर करून पृष्ठभाग हलता ठेवावा लागतो, पण फार खळबळ केली तर तळाला नुसता डिस्को आणि झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडत असाल तर तो पण उडून जातो. आणि मोठ्या टँकला वर काचेच्या आडव्या पट्ट्या असतात त्यांची सावली पडते, दिवा दोन पट्ट्यांच्या मध्ये येईल असं आधी मोजून घ्या, मी नंतर मोजलं.

मग पट्टी घ्यायचीच नाही का? घ्यायची, झाडं हा मुख्य विषय असेल तर नक्की घ्यायची. कार्पेट प्लांट (तळावर गालिच्यासारखी पसरणारी झाडं) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे वाढवायचे तर सारखाच उजेड लागतो आणि तो पट्टीच देते. इथे साधी पांढरी आणि डब्ल्यूआरजीबी (पांढरे, लाल, हिरवे, निळे असे वेगवेगळे एलईडी असलेली) ह्यात डब्ल्यूआरजीबी. स्वस्त पांढरी एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळा लेप, त्यात गडद लाल फार कमी, म्हणून कार्डिनल माशाचा लाल पट्टा तिच्याखाली विटकरी दिसतो. डब्ल्यूआरजीबीत लाल वेगळा असतो त्यामुळे लाल-हिरवं उठून येतं, कधीकधी जरा जास्तच, मग लाल कमी करायचा. आतले रंगीत दिवे लांब लांब असतील तर वाळूवर सावल्यांना लाल-हिरव्या कडा दिसतात, एकदा दिसल्या की डोळ्यातून जात नाहीत. आणि ती रिमोटवाली, आपोआप रंग बदलत राहणारी पट्टी, ती नकोच.

निळ्याचं थोडक्यात. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा लाईट कोरलसाठी जबरदस्त, कारण बरेच कोरल तो शोषून हिरव्या-केशरी रंगात चमकतात. गोड्या पाण्यात मात्र लाल मासा काळा दिसतो आणि झाडं राखाडी. मूनलाईट म्हणून झोपायच्या आधी तासभर अगदी मिणमिणता ठीक, पण रात्रभर नाही, माशांना पापण्या नसतात, त्यांना खरा अंधार लागतो.

बदामाची पानं, ड्रिफ्टवूड टाकून चहासारखं पाणी केलं असेल तर ३००० ते ४००० केल्विन. तसं पाणी निळा रंग खातं, त्यावर थंड पांढरा टाकला की ते गढूळ वाटतं, पिवळसर टाकला की मधासारखं दिसतं. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन ही झाडं एवढ्या कमी उजेडात आरामात जगतात. लाल झाडांची हौस असेल तर हा मार्ग सोडा.

लाईट कुठला ह्याच्याइतकंच तो कुठे ठेवता हे महत्त्वाचं, आणि ह्याबद्दल फार कमी लोक बोलतात. दिवा पुढच्या काचेजवळ आणून किंचित मागे झुकवला तर उजेड माशाच्या आपल्याकडच्या अंगावर पडतो, रंग झळकतात, निऑन माशाचा निळा पट्टा तर पेटतोच, कारण तो रंग परावर्तनाचा आहे. तोच दिवा मागच्या काचेजवळ नेला की मासे काळ्या आकृत्या होतात आणि टँक खोल वाटायला लागतो. मोठ्या टँकला पुढून मागे रुंदी असते म्हणून हे जमतं. काळी वाळू, काळी बॅकग्राउंड असेल तर कमी उजेडात पण रंग भरतात, पांढऱ्या वाळूवरून उजेड खालून परत येतो आणि बरेच मासे त्यावर फिकट पडतात.

कुठलाही घ्या, डिमर आणि टायमर असलेलाच घ्या. हळूहळू चढणारा उजेड ही चैन नाही, काळोखातून एकदम फुल लाईट लागला की मोठे मासे दचकून काचेवर आपटतात, अरोवाना असेल तर उडीच मारेल. एकूण ६ ते ८ तास पुरे, त्यापुढे शेवाळं. हे तास सकाळी वाया घालवू नका, दुपारी दोनला चालू करून रात्री दहाला बंद, म्हणजे तुम्ही घरी असता तेव्हा टँक पण जागा असतो. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मगच वर घ्या, थेंब सॉकेटमध्ये जात नाही.

सध्या माझ्याकडे दोन स्पॉट पुढच्या बाजूला आणि ती जुनी पट्टी मागे, १५ टक्क्यांवर. साफसफाईच्या दिवशी तिला फुल करतो, त्या कामाला तिच्यासारखी तीच. घ्यायच्या आधी एका रात्री खोलीतला मोठा दिवा बंद करा, टँकवर कुणालातरी टॉर्च घेऊन उभं करा, पुढे, मागे, एका कोपऱ्यात फिरवायला सांगा आणि तुम्ही रोज जिथे बसता तिथेच बसून बघा.