सेंट्रल व्हॅलीत शिकवायचं तर विद्यापीठात की कम्युनिटी कॉलेजात?

मास्टर्सची डिग्री आहे, वर्क परमिट हातात आलंय आणि कॅलिफोर्नियाच्या या शेतीच्या पट्ट्यात, फ्रेस्नो-व्हिसेलियाच्या आसपास संसार थाटलाय, अशा मराठी मंडळींचे वर्षातून दोन-तीन तरी फोन येतात. अर्धवेळ शिकवायचंय, कुठे अर्ज करू, विद्यापीठात की कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात)? मी दोन्हीकडे संख्याशास्त्र शिकवलं, आता एकीकडेच शिकवतो. त्यामुळे माझं मत थोडं कललेलं आहे, हे धरूनच वाचा.

पैशाचं आधी उरकून टाकतो. त्यात विद्यापीठ सरळसरळ पुढे आहे. कॅल स्टेट या राज्याच्या सरकारी विद्यापीठाच्या कॅम्पसवर सत्राला सहा युनिटं (अभ्यासक्रमाचं वजन मोजायचं माप) शिकवायला मिळाली की आरोग्य विमा मिळतो. कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये (एका कारभाराखालच्या कॉलेजांत) पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांहून जास्त तास देता येत नाहीत, राज्याचा कायदाच आहे तसा. मग सकाळी एका गावात, संध्याकाळी दुसऱ्या गावात, मधे हायवे ९९. माझं ऑफिस म्हणजे गाडीची डिकी. डिसेंबर-जानेवारीत इथलं धुकं पडलं की पुढच्या ट्रकचे लाल दिवेही दिसत नाहीत. त्यात विद्यार्थी पुरेसे भरले नाहीत तर सत्राच्या तोंडावर वर्गच रद्द. घरात दुसरा पगार आणि विमा नसेल तर विद्यापीठ घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

विद्यार्थ्यांत मात्र लोक समजतात तेवढा फरक नाही. दोन्हीकडे वर्गात बहुसंख्य मुलं हिस्पॅनिक, वडील द्राक्षात किंवा संत्र्यात, आई पॅकिंग शेडमध्ये. कधी कधी तर थोरली बहीण विद्यापीठात आणि धाकटा भाऊ कॉलेजात. मुलं दोन्हीकडे तीच. त्यांच्या घरच्या अडचणीचं संस्था काय करते, फरक तिथे पडतो.

मी तासगावचा. आमच्याकडे बेदाणा शेडमध्ये, जाळीवर, सावलीत वाळतो. इथे तीच थॉमसन जातीची द्राक्षं तोडून वेलींच्या दोन ओळींमधे जमिनीवर कागदी ट्रेवर पसरतात आणि उन्हात वाळवतात. काही मळ्यांत आता यंत्रं आली आहेत, पण हाताने तोडणी असते तिथे मजुरी ट्रेमागे मिळते आणि घरातले सगळे हात लागतात. तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. सत्र सुरू होतं ऑगस्टच्या मध्यावर. म्हणजे अभ्यासाचे पहिले आठवडे आणि घरच्या कमाईचे आठवडे तेच.

मी ज्या विद्यापीठात होतो (नाव घेत नाही) तिथे गृहपाठ एका कंपनीच्या वेबसाइटवर असायचा. पुस्तक आणि वेबसाइट विभाग ठरवणार, आपल्याला त्यात विचारत नाहीत. वेबसाइट उघडायच्या कोडची किंमत शंभर डॉलरच्या वर. पहिले चौदा दिवस फुकट, पंधराव्या दिवशी कुलूप. दर सप्टेंबरला माझ्या तीन-चार विद्यार्थ्यांचं खातं बंद पडायचं, कारण आर्थिक मदतीचे पैसे तोवर जमा झालेले नसायचे आणि तोडणीचा हिशोब व्हायचा असायचा. एक मुलगी आली. मैत्रिणीच्या फोनवरून तिने तीन गृहपाठांचे प्रश्न वहीत उतरवून घेतले होते आणि सगळे पेन्सिलने सोडवले होते, नीट आकृत्या काढून. "प्रोफे (म्हणजे सर), शुक्रवारी कोड घेते, तोवर हे चालेल?" मी तपासलं. जवळजवळ सगळं बरोबर. वेबसाइटवर मात्र तीन शून्यं. ती बदलायला समन्वयकांची परवानगी लागायची. मेल केला, तर उत्तर आलं की सर्व वर्गांना नियम सारखेच हवेत. नियम म्हणून त्यात चूक काढता येत नव्हती. मला त्या उत्तराचा जो वैताग आला तो पुढच्या सत्रापर्यंत गेला नाही, आणि त्यानंतर मी तिथे अर्ज केला नाही. दुसऱ्या कुणाला ही बाब किरकोळ वाटेल, हे मान्य.

कॉलेजात, निदान माझ्या विभागात, पुस्तक मी निवडतो. ओपनस्टॅक्स या प्रकाशनाचं ऑनलाइन मोफत पुस्तक वापरतो. तेही कॅलिफोर्नियातल्याच एका कम्युनिटी कॉलेजच्या दोन प्राध्यापिकांनी लिहिलेलं आहे. गृहपाठ कागदावर. राज्याने २०२१ साली बिनखर्चाच्या पुस्तकांसाठी कम्युनिटी कॉलेजांना साडेअकरा कोटी डॉलर दिले, त्यामुळे असं करणारा मी एकटा नाही. फी युनिटला ४६ डॉलर, आणि ऐपत नसेल तर बहुतेकांना तीही माफ. गरजू विद्यार्थ्यांसाठी १९६९ पासून चालत आलेला ईओपीएस हा राज्याचा कार्यक्रम आहे, त्यातून समुपदेशक आणि पुस्तकांना मदत मिळते. २०२२ पासून प्रत्येक कॉलेजात बेसिक नीड्स सेंटर (जेवणखाण, निवारा अशा गरजांसाठी मदत केंद्र) ठेवणं बंधनकारक आहे. माझ्या वर्गापासून ते पन्नास पावलांवर आहे. एखादा उपाशी दिसला तर फॉर्म भरायला पाठवत नाही, सोबत चालत जातो.

शिकवणं मात्र तिथे जास्त दमवतं, हे लपवत नाही. राज्याच्या २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर कच्च्या मुलांसाठीचे पायाभूत वर्ग जवळजवळ गेले. प्रमाण विचलन शिकवता शिकवता मधेच शेकडेवारी शिकवावी लागते. विद्यापीठात माझा वर्ग बराचसा एका पातळीचा असायचा, घरी निवांत जाता यायचं. गेल्या वर्षी मध्यक शिकवताना एकाने आईच्या मजुरीच्या पावत्या आणल्या आणि सरासरी मध्यकापेक्षा एवढी वर का, यावर अर्धा तास वाद झाला. पाठ मागे पडला तो पडलाच.

तुमचं गणित वेगळं असू शकतं, तेव्हा अर्ज दोन्हीकडे टाकून ठेवा. फक्त पुणे-मुंबई-शिवाजीच्या डिग्रीचं मूल्यांकन (ती अमेरिकेतल्या कुठल्या डिग्रीच्या बरोबरीची, याचा दाखला) आधीच करून घ्या. कॉलेजात त्यावाचून फाइल पुढे सरकत नाही. माझे त्यात दोन महिने गेले आणि एक सत्र हुकलं.