वाचन-भाषेच्या पाठ नियोजनाचं ट्रेनिंग: आठ महिने वर्गात वापरल्यानंतर

कोर्स संपल्या संपल्या लिहिणार होते, पण तेव्हा सगळंच भारी वाटत असतं म्हणून थांबले. आता तिसरीच्या वर्गात आठ महिने वापरून झालंय.

आधी माझं टाचण (तासाची लेखी आखणी) म्हणजे प्रस्तावना, प्रकट वाचन, नवीन शब्दांचे अर्थ फळ्यावर, खालचे प्रश्न, गृहपाठ. वर्षानुवर्षं तेच, फक्त तारीख बदलायची (खोटं कशाला बोलू). ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगितलं की तासात काय घ्यायचं ते नंतर ठरवा, आधी तासाच्या शेवटी मुलाला काय जमायला हवं आणि ते जमलं हे तुम्हाला कशावरून कळणार ते लिहा. मी आठवडाभर चिडलेलीच होते, कारण असं लिहायला बसले की लक्षात यायचं की आपल्याला स्वतःलाच माहीत नाहीये हा पाठ कशासाठी घेतोय.

सगळ्यात जास्त कामाला आलं ते गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांचं 1986 चं सूत्र. वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषेचं आकलन. बेरीज नाही, गुणाकार, म्हणजे एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. माझ्या वर्गात एक मुलगा घडाघडा वाचतो, त्याला मी हुशार वाचकात धरलेलं, एकदा पुस्तक मिटून विचारलं की काय झालं रे गोष्टीत, तर माझ्याकडे बघत बसला. आणि दुसरी एक मुलगी अडखळत वाचते, पण तीच गोष्ट मी वाचून दाखवली की असले प्रश्न विचारते की मलाच मागे जाऊन बघावं लागतं. दोघांनाही मी इतके दिवस एकच उपाय करत होते, अजून एकदा वाच.

आता तक्रार. अक्षरं आणि ध्वनी शिकवण्याचा अख्खा भाग इंग्रजी लिपी डोक्यात ठेवून बनवलेला, नुसतं भाषांतर केलंय. आपली मुलं अडतात ती वेगळ्याच ठिकाणी. कार्यक्रम हा शब्द घ्या, त्यात र दोनदा आहे, एकदा य च्या डोक्यावर आणि एकदा क च्या पायात, डोक्यावरचा आधी बोलायचा आणि पायातला नंतर. मूल डावीकडून उजवीकडे इमानदारीत वाचत जातं आणि ‘काय्र’ म्हणतं, त्यात चूक काय त्याची, रफार दिसतोच य वर. यावर कोर्समध्ये एक ओळ नाही. ट्रेनर बाईंना विचारलं तर म्हणाल्या चांगला मुद्दा आहे, पुढे काही नाही. शेवटी मीच र ची चार रूपं (सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्या) चार दिवसांत एकेक करून घेतली, आणि टाळ्या वाजवून आधी कानाने, मग डोळ्याने, असा क्रम ठेवला. हा क्रम मात्र कोर्सचाच, त्याचं श्रेय देते.

‘मी करते, आपण करू, तुम्ही करा’ ही शिकवायची पद्धत (आधी बाईंनी करून दाखवायचं, मग सगळ्यांनी मिळून, मग मुलांनी एकट्याने) ऐकलेली सगळ्यांनी असते, करायला गेलं की पहिला टप्पा अवघड. उताऱ्यात तीन ठिकाणी पेन्सिलने खूण करून ठेवायची, तिथे थांबून आपण काय विचार करतोय ते मोठ्याने बोलायचं. पहिल्यांदा मी म्हटलं, इथे मला कळलं नाही, मागची ओळ परत वाचते. मागच्या बाकावरून आवाज, बाई, तुम्हालापण कळत नाही? सगळा वर्ग हसला. पण त्यानंतर मुलं स्वतःहून हात वर करून कळलं नाही म्हणायला लागली, जे माझ्या वर्गात याआधी कधी झालं नव्हतं.

कोर्सने दिलेला टाचणाचा नमुना पाच पानी आहे, तो रोज भरणं अशक्य. मी पंधरा दिवस भरला, मग अर्ध्या पानावर आणला: काय जमायला हवं, मूल कुठे अडेल, कुठे थांबायचं, शेवटचा एक प्रश्न. ‘कुठे अडेल’ हा रकाना त्यांच्या नमुन्यात नाहीच, खरं तर तिथूनच माझं टाचण सुरू होतं आता.

लेखनाचा भाग घाईत उरकलाय. तक्ते बनवण्याचे व्हिडिओ सरळ सोडून द्या. प्रश्न तयार करण्याचा भाग मात्र दोनदा बघा, आणि दुसऱ्यांदा बघताना उद्या घ्यायचा पाठ शेजारी उघडा ठेवा.