वाडीचे (नागपूर) रेडिएटरवाले काका, जुनी गाडी असेल तर नक्की दाखवा

माझी जुनी टाटा १६१३ ट्रक आहे, मे महिन्यात लोड घेऊन बैतूल रोडच्या चढाला लागली की टेंपरेचरचा काटा लालवर जाऊन राहिला होता. दोन ठिकाणी दाखवली, दोघांनीही न पाहताच सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं, इंजिन खोला.

मग वाडीच्या या काकांकडे आणली. त्यांनी आधी गाडी थंड होऊ दिली, गरम असताना झाकणाला हातच लावायचा नाही म्हणाले भाऊ. नंतर झाकण काढून इंजिन चालू केलं, पाण्यात सारखे बुडबुडे नाही आले, म्हणजे गॅस्केट ठीक. फॅन बेल्ट दाबून पाहिला. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह) काढून उकळत्या पाण्याच्या भांड्यात टाकला, माझ्यासमोर हळूहळू उघडला, तोही बरा. शेवटी इंजिन बंद करून रेडिएटरवर हात फिरवला तर वरून चटका बसतो अन् मधे गार पट्टा! बोअरचं खारं पाणी टाकून टाकून नळ्या चोक झालेल्या. टाकी खोलून रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ केल्या, तेव्हा पांढऱ्या खपल्याच खपल्या निघाल्या.

गर्दी असते, दोन दिवस लागले, बसायला सावलीही नाही, पण फालतू काम गळ्यात मारत नाहीत. आता कूलंटच टाकतो. परवा त्याच चढावर भर दुपारी काटा मधेच होता.