एका फॉर्ममधून दुसऱ्याला गाठायचं कसं? फॉक्सप्रोतले तीन मार्ग

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर अजून व्हिज्युअल फॉक्सप्रो, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचे प्रोग्राम लिहायचं जुनं साधन, चालतं. 9.0 ही शेवटची आवृत्ती, 2015 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आधार काढून घेतला, पण पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचे हिशोब, रोज निघतात. सांभाळायचं काम माझ्याकडे. पट्टीच्या फॉर्मवरून (फॉर्म म्हणजे प्रोग्रामची खिडकी) शेतकरी शोधायचा फॉर्म उघडायचा, निवडलेलं नाव पट्टीत आणायचं, एवढीच गरज.

सगळ्यात सोपं म्हणजे नावाने गाठणं. शोधाच्या फॉर्ममधून थेट 'पट्टी.टेक्स्ट1.व्हॅल्यू', म्हणजे पट्टीतली नावाची चौकट, भरायची किंवा स्क्रीनच्या फॉर्म्स कलेक्शनमध्ये, म्हणजे उघड्या फॉर्मच्या यादीत, नाव हुडकायचं. मीही तेच केलं होतं. मग एका पहाटे गाळ्यावरच्या मेहताजींनी, म्हणजे हिशोबनिसांनी, दोन पट्ट्या एकदम उघडल्या, एक निफाडची, एक जुन्नरची. निवडला निफाडचा शेतकरी, नाव उमटलं जुन्नरच्या पट्टीत! दोन्ही खिडक्यांचं नाव एकच, बिचाऱ्या प्रोग्रामने तरी काय करावं?

दुसरा मार्ग 'डू फॉर्म शोध विथ थिसफॉर्म', म्हणजे शोध उघडताना बोलावणाऱ्या पट्टीचा संदर्भ सोबत द्यायचा. शोधाचा फॉर्म इनिटमध्ये, म्हणजे उघडताना चालणाऱ्या कोडमध्ये, एलपॅरामीटर्सने तो संदर्भ घेतो आणि स्वतःच्या प्रॉपर्टीत (फॉर्मच्या साठवणीच्या जागेत) ठेवतो. जिने बोलावलं, उत्तर तिलाच. मात्र टेक्स्टबॉक्सला परस्पर हात घालू नका, पट्टीवर एक मेथड (नाव भरायचं काम करणारा कोड) लिहून ती बोलवा. उद्या टेक्स्टबॉक्सचं नाव बदललं तरी शोध बिघडत नाही. आणि डिस्ट्रॉयमध्ये, म्हणजे शोध बंद होताना, संदर्भाची ती प्रॉपर्टी नल, म्हणजे रिकामी, करायला विसरू नका.

तिसरा माझ्या आवडीचा. शोधाच्या फॉर्मचा विंडोटाइप 1, म्हणजे मोडल: तो बंद होईपर्यंत बाकीच्या खिडक्या थांबतात. 'डू फॉर्म शोध टू उत्तर' म्हणायचं आणि अनलोडमध्ये, म्हणजे फॉर्म जाताना सगळ्यात शेवटी चालणाऱ्या कोडमध्ये, उत्तर रिटर्न करायचं. शोधाला पट्टी ठाऊकच नसते, त्यामुळे तोच फॉर्म उचल-खात्यावरूनही चालतो. गोम एकच: अनलोड येईपर्यंत टेक्स्टबॉक्स, ग्रिड सगळे गेलेले असतात. म्हणून 'ठीक' बटणाच्या क्लिकमध्येच उत्तर फॉर्मच्या प्रॉपर्टीत ठेवून द्या. नाव, गाव, बँक खातं एकदम हवं असेल तर एम्प्टी ऑब्जेक्ट (हव्या त्या प्रॉपर्टी जोडता येणारी कोरी वस्तू) परत करा, ही सोय 8.0 पासून आहे.

निवडून लगेच परतायचं असेल तर तिसरा घ्या. शोध बाजूला उघडा ठेवून पट्टीवरही काम करायचं असेल तर मोडल आडवा येतो, तिथे दुसरा. पहिला मी फक्त मुख्य मेनूसाठी ठेवलाय, तो एकदाच उघडतो.

मेहताजींकडे आता तिसरा आहे. काही न निवडता खिडकी बंद केली तर उत्तर रिकामं येतं, ते पट्टीत तपासून घ्या; नाहीतर आधी भरलेलं नाव पुसलं जाईल.