लघुप्रबंधाला नायजेरिया घ्यावा की इराक?

संघराज्यातलं वांशिक राजकारण आणि तेलाच्या पैशाची वाटणी, इथपर्यंत एम.ए.च्या मुलांचं ठरलेलं असतं. घोडं अडतं ते देशावर. कोल्हापुरात ही चर्चा इतक्यांदा झाली की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. माझं झुकतं माप नायजेरियाला आहे.

इराकचा वाद पटकन कळतो. एकीकडे बगदादचं केंद्र सरकार, दुसरीकडे उत्तरेचा स्वायत्त प्रदेश कुर्दिस्तान. २००५ च्या राज्यघटनेचं कलम १११ तेल आणि वायू सगळ्या जनतेच्या मालकीचे ठरवतं. कलम ११२ सध्याच्या तेलक्षेत्रांचं व्यवस्थापन केंद्र आणि उत्पादक प्रदेशांवर मिळून सोपवतं. मग नवी क्षेत्रं कुणाची? आमची, असं म्हणत कुर्दिस्तानने २००७ मध्ये स्वतःचा तेल कायदा केला. २०२२ मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. केंद्राच्या अर्थसंकल्पातला कुर्दिस्तानचा १७ टक्के वाटा बगदादने २०१४ मध्ये रोखला. २०२३ मध्ये तो १२.६७ टक्के धरला गेला. घटनेतल्या एकेका शब्दाचा कीस पाडायची आवड असेल तर हा देश जरूर घ्या. मात्र मूळ कागद अरबी आणि कुर्दीत आहेत, आणि सहा महिन्यांत त्या भाषा येत नाहीत.

नायजेरियाचे कायदे, निकाल, राज्यवार वाटपाचे आकडे इंग्रजीत मिळतात. पण माझं कारण वेगळं आहे. १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ‘जिथे उगम, तिथे वाटा’ हे तत्त्व जोरात होतं. खनिजाच्या रॉयल्टीचा ५० टक्के हिस्सा उगमाच्या प्रांताला मिळायचा. तेव्हाची मोठी कमाई पश्चिमेच्या कोकोची, उत्तरेच्या भुईमुगाची, पूर्वेच्या पामतेलाची. म्हणजे योरुबा, हौसा-फुलानी आणि इग्बो या तीन बड्या समाजांच्या मुलखातली. पुढे खरा पैसा तेलाचा झाला, आणि ते तेल बरंचसं इजॉ, ओगोनी अशा लहान समाजांच्या नायजर डेल्टातलं होतं. उगमाचा वाटा १९७० मध्ये ४५ टक्के, १९७५ मध्ये २० आणि ऐंशीच्या दशकात जेमतेम दीड टक्क्यावर आला. बियाफ्राचं युद्ध (इग्बोंचा पूर्व प्रांत फुटून निघाल्यावर झालेलं यादवी युद्ध) आणि लष्करी राजवटी हीही कारणं आहेत, ती लिहायलाच हवीत. तरीही तत्त्व कुणाच्या मालाला लागू होतंय यावर आकडा कसा हलतो, हे इतकं उघडं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. १९९९ च्या घटनेने किमान १३ टक्के ठरवले, पण त्याआधी १९९५ मध्ये तेल कंपन्यांविरुद्ध ओगोनींचं आंदोलन चालवणारे लेखक केन सारो-विवा आणि त्यांचे आठ ओगोनी सहकारी फासावर गेले होते.

आपल्याकडच्या मुलांना हे आतून कळतं. पहिली उचल किती आणि काटा कुणाचा, यावर रस्त्यावर उतरलेले ऊस उत्पादक आपण लहानपणापासून पाहतो. आमच्या जमिनीतून किती बॅरल गेलं आणि ते मोजलं कुणी, हा डेल्टातला प्रश्न त्याच जातीचा.

नायजेरियातल्या राज्यांची संख्याही तपासा: १९६७ मध्ये १२, १९९६ मध्ये ३६. राज्यांच्या हिश्शातला मोठा भाग समान वाटला जातो, त्यामुळे नवं राज्य मागणं म्हणजे पंगतीत आपलं पान मांडून घेणं.

एक खाचखळगा आहे. ते १३ टक्के राज्य सरकारकडे जातात, विहिरीशेजारच्या गावाकडे नाही. २०२१ च्या कायद्याने तेल कंपन्यांना आदल्या वर्षीच्या चालू खर्चाच्या ३ टक्के रक्कम स्थानिक समाजांच्या निधीत भरायला लावली. यासाठी तुलनेला आपलं जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणींची झळ बसलेल्या गावांसाठीचा जिल्ह्याचा निधी, घ्या. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतकी, तर नव्यांना १० टक्क्यांइतकी रक्कम त्यात भरावी लागते. विषय नोंदवण्याआधी राधानगरी किंवा शाहूवाडीच्या बॉक्साइट पट्ट्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत जा आणि त्या निधीतून गावात काय आलं, एवढंच विचारा.