बालाजी ठेवावं का आर्यन? कथेतल्या पोरापोरींची नावं ठरवताना

कथेतली पोरं सोळा-सतरा वर्षांची असली की नावाचा लई घोळ होतो, कारण नाव त्यांचं असलं तरी ठेवलेलं असतं दुसऱ्यानंच, आज्यानं नाहीतर आत्यानं, आणि आपण लिहिणारे मात्र आपल्याला गोड वाटेल ते ठेवून मोकळे होतो. माझी कथा आत्ताच्या लातूरची आहे, नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायला गावाकडून आलेली चौघं, अकरावीची. मी कितीतरी दिवस नुसत्या नावांवर अडकले होते. तुम्हालाही असंच काही लिहायचं असेल तर मी काय काय तोलून बघितलं ते सांगते.

पहिला पोरगा अहमदपूरकडच्या खेड्यातला. बालाजी ठेवावं का आर्यन?

बालाजी हे नाव नांदेड-लातूरकडं गल्लोगल्ली सापडतं. तेलंगण शेजारी, तिरुपतीला नवस बोलायची रीत, म्हणून बालाजी, व्यंकट, नरसिंग ही नावं इकडं जास्त. परळीकडं सरकलात की वैजनाथ, औंढ्याकडं नागनाथ, तुळजापूरकडं अंबादास, आणि गोदाकाठी गंगाधर, कारण तिथं गोदावरीला लोक गंगाच म्हणतात. म्हणजे नुसतं नाव वाचून इकडच्या वाचकाला पात्र कुठल्या बाजूचं आहे याचा अंदाज येतो. आर्यनमधी ते नाही, आर्यन पुण्याचाबी असू शकतो आणि पालमचाबी.

पण आर्यनची बाजूबी खरी आहे. २००८-१० च्या आसपास जन्मलेल्या पोरांत ओम, वेदांत, आर्यन, ओंकार भरपूर आहेत, अगदी वाडीवस्तीवरसुद्धा, आणि बालाजी शोधायला गेलात तर तो बऱ्याचदा त्यांचा बाप निघतो. शहरात बसून गावाची गोष्ट लिहिणारे इथंच चुकतात, खेड्यातला पोरगा म्हणजे त्याचं नाव जुनंच असणार असं धरून चालतात.

यावर एक सोपा उपाय आपल्या नावातच आहे, मधलं नाव. आर्यन बालाजी अमुक असं पूर्ण नाव एकदा हजेरीत येऊ द्या, दोन पिढ्या एका ओळीत दिसतात, वेगळं काही सांगायची गरज पडत नाही.

तिसऱ्या पात्राला मला हेच कामाला आलं. तो बौद्ध घरातला, तिथं मिलिंद का सम्यक असा प्रश्न होता. मिलिंद नावाला आपल्याकडं मोठा इतिहास आहे, बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली कॉलेज काढलं त्याला पुढं मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळालं, आणि त्यानंतरच्या पिढीत किती आईबापांनी आपल्या लेकाला ते नाव अभिमानानं दिलं. पण आज सोळाचा असलेला पोरगा मला सम्यकच वाटतो, मिलिंद त्याचे वडील, ज्यांनी पोरवयात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची लढाई बघितली आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं तो १४ जानेवारी १९९४ चा दिवसबी बघितला. सम्यक मिलिंद एवढं लिहिलं तरी ते घर उभं राहतं. ठरलं ते.

पोरीचं जास्त अवघड गेलं. गोदावरी, रेणुका आणि वैष्णवी अशी तीन नावं होती. गोदावरी मला मनापासून आवडायचं, पण ते माझ्या आवडीचं होतं, त्या पोरीच्या आईच्या नाही, आणि आज अकरावीच्या वर्गात गोदावरी म्हणून हाक मारली तर वाचकाला आजीच आठवणार. रेणुका सगळ्यात सुरक्षित, माहूरची देवी, आजीलाबी शोभतं आणि नातीलाबी, पण म्हणूनच त्यातून वय कळत नाही. वैष्णवी एका वर्गात दोन-तीन तरी असतात. आधी मला तो तोटा वाटला, मग लक्षात आलं की तोच फायदा आहे, कारण मग होस्टेलवर पोरी म्हणणार ‘चाकूरची वैष्णवी’ आणि ‘देवणीची वैष्णवी’, म्हणजे नावात नसलेलं गाव हाकेत आलं! वैष्णवी फायनल.

उदगीरच्या मुस्लिम मैत्रिणीला रुखसाना का सानिया यात फार वेळ गेला नाही. सानिया मिर्झा जवळच्याच हैदराबादची, आणि २००९ ला तिनं ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली, त्या सुमारास झालेल्या लेकीला ते नाव अगदी शोभतं. रुखसाना तिच्या फुफूला, म्हणजे आत्याला द्या.

आडनावाचं विचाराल तर पैठणकर, कंधारकर, धारूरकर अशी गावाची आडनावं लिहायला सोपी पडतात, जात पटकन उघडी होत नाही. पण खोली भाड्यानं बघायला गेल्यावर पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ हाच येतो आणि पोरं एकमेकांना हाकबी आडनावानंच मारतात, म्हणून मी जात कळणारी आडनावं टाळली नाहीत, फक्त वाईट वागणाऱ्या पात्राला कुठल्या एका समाजाचंच वाटेल असं आडनाव देऊ नका एवढी कळकळीची विनंती आहे.

आणि काळ बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपावर लिहीत असाल तर हे सगळं उलटं होतं, तेव्हाची सोळा वर्षांची पोरं बालाजी, दत्ता, सुनीता, संगीता. तिथं आर्यन आला की वाचकाचा विश्वास गेला.

आता पहिल्या पोराकडं परत येते. हिशेबानं आर्यनच बरोबर होता, मी लिहूनबी बघितलं. पण मी बालाजी ठेवलं, नवसाचा म्हणून, तीन बहिणींच्या पाठीवरचा. घरी त्याला बाळू म्हणतात. क्लासमधी सगळे वेदांत आणि ओम, म्हणून हा वहीवर नुसतं ‘बी’ आणि आडनाव लिहितो. गावाकडून डबा रोज एसटीनं येतो, आईनं झाकणावर काळ्या मार्करनं मोठ्या अक्षरात ‘बाळू’ लिहिलेलं असतं, डबा हरवू नये म्हणून, आणि स्टँडवर डबा हातात आला की तो पहिल्यांदा झाकणावर तळहात ठेवतो.